वरखालचे दात जुळत नसतील तर काय करायचं: आरशापासून रिटेनरपर्यंत

दात वेडेवाकडे असले तर ते लगेच दिसतं. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नसले तर मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. समोरून सरळ, ओळीत दात असलेल्या माणसाच्या दाढा एका बाजूला उलट्या बसलेल्या असू शकतात, आणि समोरचे दात थोडे वाकडे असलेल्याच्या दाढांची पकड अगदी चोख असू शकते. या पकडीला दातांचे डॉक्टर ‘बाइट’ म्हणतात. ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात आणि जबडे जुळवणाऱ्या डॉक्टरांकडे, जायचं ते मुख्यतः हिच्यासाठी. पण तारा बसवायला निघालेली बहुतेक माणसं समोरच्या सहा दातांपलीकडे बोलतच नाहीत, आणि पुढे उपचार अर्ध्यावर सोडण्याचं मूळही तिथेच असतं: समोरचे दात सहाआठ महिन्यांत सरळ दिसायला लागतात आणि ‘आता काढून टाका’ असं वाटू लागतं. खरं काम तेव्हा निम्मंही झालेलं नसतं.

घरी काय पाहायचं

चांगल्या उजेडात आरशासमोर ताठ बसा. जिभेचं टोक टाळूला जितकं मागे लावता येईल तितकं लावा आणि तोंड सावकाश मिटा. दाढा जिथे पहिल्यांदा टेकतील तिथेच थांबा. जिभेची ही युक्ती गरजेची आहे, कारण अनेकांना नकळत खालचा जबडा पुढे सरकवून दात मिटायची सवय असते आणि मग दोष झाकला जातो. आता बोटांनी ओठ आणि गाल बाजूला ओढून पाहा.

समोर: वरच्या पटाशीच्या दातांनी खालच्या दातांचा साधारण वरचा एक तृतीयांश भाग झाकलेला असावा, म्हणजे २ ते ४ मिलिमीटर. खालचे दात जवळजवळ दिसेनासे होत असतील तर तो डीप बाइट. त्यात खालच्या दातांच्या कडा टाळूजवळच्या हिरडीत रुतत असतील तर उपचार लांबवू नका, ती हिरडी झिजत जाते. उलट, दाढा मिटूनही समोर फट राहत असेल तर तो ओपन बाइट. कागदाची पट्टी समोरच्या दातांत धरून पाहा; दाढा पूर्ण मिटलेल्या असताना ती सहज निसटली तर दात टेकत नाहीत.

बाजूने पाहिल्यावर वरचे दात खालच्यांच्या २ ते ३ मिलिमीटर पुढे असावेत. छोट्या पट्टीने हे मोजता येतं. लहान मुलांमध्ये हे अंतर जितकं जास्त, तितका पडल्यावर समोरचे दात तुटायचा धोका जास्त.

मागे: डबीचं झाकण जसं डबीच्या थोडं बाहेरून बसतं, तशा वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेर असायला हव्यात. एखाद्या बाजूला खालची दाढ बाहेर आणि वरची आत असेल तर तो क्रॉसबाइट.

शेवटी वरच्या दोन मधल्या दातांमधली रेष आणि खालची रेष जुळते का ते पाहा. रेष न जुळणं एकवेळ चालेल. पण तोंड मिटताना दाढा टेकल्यावर हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर मूल कितीही लहान असलं तरी लगेच दाखवा. वाढत्या वयात जबडा रोज तसाच तिरका मिटत राहिला, तर तो वाढतोही तिरका.

डॉक्टर क्लास वन, टू, थ्री म्हणतात ती वर्गवारी एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली मांडली. वरच्या पहिल्या कायमच्या दाढेचं बाहेरच्या अंगाचं पुढचं टोक खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसलं, तर क्लास वन. खालची दाढ मागे राहिली तर टू, पुढे गेली तर थ्री. आपला क्लास कोणता हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेवा. पुढचं सगळं नियोजन त्यावर उभं असतं.

दोष दातात, जबड्यात की सवयीत

दोन मुलांचे वरचे दात सारखेच ८ मिलिमीटर पुढे असू शकतात. एकाचे फक्त दात पुढे झुकलेले असतात, दुसऱ्याचा खालचा जबडाच मागे असतो. पहिल्याला तारा पुरतात. दुसऱ्याला केवळ तारांनी दात आत ओढले, तर दात मिटतील पण चेहऱ्याची ठेवण मागेच राहील. म्हणून बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, लागतो. त्यावर कोन मोजून दोष हाडाचा आहे की दाताचा ते ठरतं.

सवयीचा दोष सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. अंगठा चोखणं, गिळताना जीभ दातांमध्ये ढकलणं, नाक बंद असल्याने तोंडाने श्वास घेणं, यांतलं काहीही चालू असताना ओपन बाइट मिटवला तर तो पुन्हा उघडतो. अंगठ्याची सवय चार-पाच वर्षांच्या आत सुटली तर दुधाच्या दातांमधली फट बरेचदा आपोआप भरते. नाक सतत चोंदत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, तारांचं नंतर पाहू.

कधी जायचं

पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास करावी असं ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतात. तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि काही पटाशीचे दात आलेले असतात, म्हणून पुढची दिशा दिसते. याचा अर्थ सातव्या वर्षी तारा बसवायच्या असा मुळीच नाही. बहुतेक मुलांना त्या वेळी फक्त लक्ष ठेवायला सांगतात.

वाट पाहू नये असे दोष मोजकेच आहेत: जबडा सरकवणारा क्रॉसबाइट, खालचा जबडा पुढे असणं, टाळूत रुतणारे दात आणि खूप पुढे आलेले वरचे दात. वरचा जबडा मागे राहिला असेल तर त्याला पुढे ओढणारा फेसमास्क साधारण दहा वर्षांच्या आत सर्वांत चांगलं काम करतो. तो दिवसातून १२ ते १४ तास लावावा लागतो, म्हणजे घरी आल्यापासून सकाळपर्यंत. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं उपकरण उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात देतात. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो. मुलगी आणि मुलगा एकाच वयाचे म्हणून दोघांना ‘बाराव्या वर्षी पाहू’ म्हटलं तर मुलीची वेळ निघून गेलेली असू शकते. मुलांची उंची दर तीन महिन्यांनी दारामागे खुणावून ठेवा. त्या खुणा डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतात.

वाढ संपल्यावर हाडातला मोठा फरक तारांनी भरून निघत नाही. तेव्हा जबड्याची शस्त्रक्रिया आणि तिच्या आधी-नंतर तारा, असा मार्ग असतो. शस्त्रक्रियेआधीच्या तारांमध्ये दोष तात्पुरता जास्त दिसू लागतो, कारण दात आपापल्या जबड्यात सरळ केले जातात आणि जबड्यांमधला खरा फरक उघडा पडतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो.

प्रौढ वयात दात सरकत नाहीत हा समज चुकीचा आहे. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर कोणत्याही वयात सरकतात. हिरड्यांचा आजार चालू असताना मात्र दात सरकवले, तर हाड आणखी वेगाने खाली जातं. म्हणून आधी हिरड्यांचा उपचार.

पहिल्या भेटीत काय मागायचं

दातांचे साचे किंवा स्कॅन, सगळ्या दातांचा ओपीजी एक्स-रे, सेफॅलोग्राम, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो एवढी कागदपत्रं झाल्याशिवाय योजना सांगितली जात असेल तर थांबा. डॉक्टरांना तुमची औषधं सांगा. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिसफॉस्फोनेट घेत असाल तर ते विसरू नका, कारण त्याने दात सरकणं मंदावतं. मधुमेह आटोक्यात हवा. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा विचार असेल तर तो उपचारानंतर करा. इम्प्लांट हाडाला घट्ट धरून असतो, तो तसूभरही सरकत नाही.

दात काढायचे का, यावर घरात सर्वाधिक वाद होतात. हिशोब बराचसा जागेचा असतो. दातांना कमी पडणारी जागा ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर दात काढायची वेळ क्वचित येते. दातांच्या बाजू किंचित घासून किंवा जबडा रुंदावून काम भागतं. १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा काढावेच लागतात. मधल्या आकड्यांत ओठांची ठेवण आणि हिरड्यांची जाडी पाहून ठरतं. सहसा सुळ्यामागची पहिली उपदाढ काढतात, तिने प्रत्येक बाजूला सुमारे ७ मिलिमीटर जागा मिळते. ‘माझ्या केसमध्ये किती मिलिमीटर कमी आहेत?’ हा प्रश्न विचारा. उत्तर आकड्यात यायला हवं.

टाळूचा स्क्रू फिरवताना

वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूत स्क्रू असलेलं एक्सपांडर बसवतात. टाळूच्या हाडाचा मधला सांधा वाढत्या वयात पूर्ण जुळलेला नसतो, तो हळूहळू उघडून रुंदी मिळवायची. हा उपचार घरचं माणूस करतं, म्हणून नीट शिकून घ्या.

मुलाला पाठीवर झोपवा, डोकं उशीच्या कडेवरून किंचित मागे. चावीला लांब दोरा बांधा आणि तो मनगटाला गुंडाळा, म्हणजे चावी निसटली तरी घशात जाणार नाही. स्क्रूच्या पुढच्या अंगाला दिसणाऱ्या भोकात चावी घाला आणि ती घशाच्या दिशेने अडेपर्यंत ढकला. पुढचं भोक समोर पूर्ण दिसलं की एक फेरा झाला. चावी काढताना ती पुढे ओढू नका, नाहीतर स्क्रू उलटा फिरतो. ती मागच्या दिशेलाच ठेवून अलगद खाली सोडवा. पुढचं भोक दिसत नसेल तर फेरा अर्धवट राहिला आहे. डॉक्टरांना फोन करा, अंदाजाने जोर लावू नका.

एका फेऱ्याने साधारण पाव मिलिमीटर रुंदी मिळते. दिवसाला एक किंवा दोन फेरे सांगितले जातात. ७ मिलिमीटर हवे असतील तर २८ फेरे; कॅलेंडरवर प्रत्येक फेऱ्याला खूण करा. दोन मोठी माणसं आळीपाळीने फिरवत असतील तर खुणेवाचून फेरा चुकतो किंवा दुप्पट होतो. फेऱ्यानंतर नाकाच्या मुळाशी दोन-चार मिनिटं दाब जाणवतो. काही दिवसांत वरच्या दोन मधल्या दातांमध्ये फट पडते. पालक इथे घाबरतात, पण सांधा उघडतोय याची ती उत्तम खूण आहे. फेरे थांबल्यावर ती फट हळूहळू आपली आपण मिटते. फेरे संपले तरी उपकरण ३ ते ६ महिने तिथेच ठेवतात, नवीन हाड भरायला तेवढा वेळ लागतो. ते आधी काढलं तर रुंदी परत जाते. प्रौढांमध्ये सांधा घट्ट जुळलेला असल्याने साध्या स्क्रूने दाढाच बाहेर कलंडतात. तिथे हाडात बसवलेले छोटे स्क्रू किंवा शस्त्रक्रिया लागते.

तारा बसवण्याचा दिवस आणि पुढचे महिने

दाढेवर पट्टा बसवायचा असेल तर काही दिवस आधी दाढांमध्ये छोटी रबरी कडी घालतात. तिला सेपरेटर म्हणतात. चावताना अन्न अडकल्यासारखी ठसठस होते, ती अपेक्षितच आहे. कडी पडली आणि पुढची वेळ दोन-तीन दिवसांनी असेल तर कळवा, जागा पुन्हा मिटू शकते.

ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा छोटा तुकडा, चिकटवताना दात स्वच्छ करून त्यावर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात, धुतात आणि वाळवतात. मग दातावर खडूसारखा पांढुरका डाग दिसतो. त्यावर चिकटद्रव्य, ब्रॅकेट आणि निळा प्रकाश. या क्षणी लाळेचा एक थेंबही दातावर गेला तर ब्रॅकेट काही दिवसांत सुटतो. म्हणून गाल बाजूला ओढणारं साधन बसवल्यावर बोलू नका, जीभ हलवू नका, गिळायचं असेल तर हात वर करा. डीप बाइट असेल तर दाढांवर किंवा वरच्या दातांच्या मागे छोटे उंचवटे चिकटवतात, म्हणजे खालचे ब्रॅकेट चावताना तुटत नाहीत. पहिला आठवडाभर तोंड पूर्ण मिटत नाही असं वाटतं, मग सवय होते.

दुखणं पहिल्या चार तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि तीन ते सात दिवसांत उतरतं. वेदनाशामक कोणतं घ्यायचं ते आधीच विचारून ठेवा. बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट पॅरासिटामॉल सुचवतात.

दात का सरकतो हे समजलं तर घाई आपोआप कमी होते. मूळ आणि हाड यांच्यात पाव मिलिमीटरहूनही पातळ तंतूंचा थर असतो. दाब पडतो त्या बाजूला हाड विरतं, ताण पडतो त्या बाजूला नवीन भरतं. जोर जास्त लावला तर त्या थरातला रक्तपुरवठाच दबतो आणि दात काही काळ अडून राहतो. मुळाचं टोकही झिजू शकतं. म्हणून ‘जरा जास्त टाइट करा, लवकर होईल’ ही मागणी करू नका. मोकळी जागा मिटताना दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. उपदाढ काढलेली ७ मिलिमीटरची जागा भरायला सहा-आठ महिने सहज लागतात.

सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची, गोल आणि लवचिक, ०.०१४ इंच जाडीची असते. मग जाड गोल तार, मग आयताकृती, आणि शेवटी स्टीलची ०.०१९ बाय ०.०२५ इंचाच्या आसपासची कडक तार. ब्रॅकेटची खाच चौकोनी असते. गोल तार तिच्यात फिरते, दाताचं डोकं सरळ करते. आयताकृती तार खाचेला धरून बसते आणि मुळाचा कोन बदलते. समोरचे दात सरळ दिसतात तो गोल तारेचा टप्पा असतो. दाढांची पकड बसते ती कडक तारेवर. मध्येच एखादा ब्रॅकेट काढून पुन्हा चिकटवला तर ती चूक समजू नका, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही शेवटी दाताच्या उंचीत दिसतो. पूर्ण उपचाराला साधारण दीड ते दोन वर्षं धरा. भेटी चार ते आठ आठवड्यांनी असतात. चुकलेल्या भेटींचे महिने शेवटाला जोडले जातात.

रबर: उपचार इथेच अडतो

वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत ताणायची छोटी रबरं मिळतात, तेव्हा काम डॉक्टरांच्या हातातून तुमच्या हातात येतं. क्लास टूमध्ये रबर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत जातं. क्लास थ्रीमध्ये वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत. क्रॉसबाइटमध्ये वरच्या दाढेच्या आतल्या अंगापासून खालच्या दाढेच्या बाहेरच्या अंगापर्यंत, आणि ओपन बाइटमध्ये सरळ उभं. पहिल्यांदा लावून झालं की दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये काढा. घरी गेल्यावर हुक हमखास विसरतो, आणि चुकीच्या हुकावर महिनाभर लावलेलं रबर दात उलट दिशेला नेतं.

लावताना आधी मागचा हुक, मग पुढचा. बोटाने जमत नसेल तर सोबत मिळणारा प्लास्टिकचा आकडा वापरा. सांगितले असतील तर २० ते २२ तास, म्हणजे जेवण आणि दात घासणं सोडून सतत. ताणून काही तासांतच रबराचा जोर घटू लागतो, म्हणून रोज नवीन जोडी, आणि एका बाजूचं तुटलं तरी दोन्ही बाजूंची बदला, नाहीतर जोर असमान होतो. आकार इंचात असतो, ३/१६ किंवा १/४. पाकीट बदललं तर आकडा आणि जोर जुन्याशी ताडून पाहा. लेटेक्सची अॅलर्जी असेल तर लेटेक्सविरहित मागा.

बारा तास लावलं तर निम्मं काम होईल असा हिशोब इथे चालत नाही. दिवसभर मोकळा सोडलेला दात परत फिरतो, रात्री पुन्हा ओढला जातो. तो पुढे-मागे हलत राहतो, दुखत राहतो आणि महिन्याच्या शेवटी जिथल्या तिथे असतो. एक दिवस चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी दोन रबरं लावायची, हेही चूक. पाकिटं तीन ठिकाणी ठेवा: दप्तरात किंवा ऑफिसच्या बॅगेत, बाथरूममध्ये, उशाशी.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. समोरच्या दोन दातांमधली फट बंद करायला घरीच रबर बांधायच्या कल्पना इंटरनेटवर फिरतात. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं. ते रबर घसरत हिरडीखाली जातं, दिसेनासं होतं आणि मुळाकडे चढत हाड खातं. चांगले, किडीचा डागही नसलेले दात यात हलायला लागून गेले आहेत. दाताभोवती बांधलेलं रबर दिसत नाहीसं झालं असेल तर ‘पडलं असेल’ असं धरू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अलाइनर घेतले तर

अलाइनर म्हणजे तारांऐवजी दातांवर घालायचं, काढता येणारं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण. त्याची प्रत्येक जोडी एका दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवते. ती एक ते दोन आठवडे, रोज २० ते २२ तास घालायची. दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. अलाइनरला पकड त्यांच्यामुळे मिळते. जागेसाठी दातांच्या मधली बाजू ०.२ ते ०.५ मिलिमीटर घासली जाऊ शकते, ती इनॅमलमध्येच, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातच, असते.

नवी जोडी घातली की चघळायची मऊ गुंडाळी, जिला च्युई म्हणतात, प्रत्येक दाताखाली धरून पाच-दहा मिनिटं चावा. मग आरशात दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यातली पोकळी पाहा. एखाद्या दाताशी ती दिसत असेल तर तो दात मागे पडतोय. पुढच्या जोडीवर उडी मारू नका, त्याच जोडीवर आणखी काही दिवस थांबून डॉक्टरांना कळवा. काढताना आतल्या बाजूने, दाढांपासून, दोन्हीकडून सोडवत या. पुढून ओढलं तर तडा जातो. गरम पाण्याने धुतलं तर आकार बिघडतो. अलाइनर तोंडात असताना साधं पाणीच प्या, कारण गोड पेय आत अडकून दाताला तासन्‌तास चिकटून राहतं. मागची जोडी टाकू नका. चालू जोडी हरवली तर तीच तात्पुरती आधाराला येते.

गोल सुळा किंवा उपदाढ फिरवणं आणि दात खाली ओढून आणणं अलाइनरला जड जातं. जबड्यातला मोठा फरक तर त्याच्या आवाक्याबाहेरच. एक्स-रे न काढता, कुणी तोंडात न पाहता घरपोच येणारे अलाइनर घेऊ नका: हिरडीखाली हाड किती उरलंय ते त्या कंपनीला माहीत नसतं.

घासणं

ब्रॅकेटभोवती कीट साचली तर महिनाभरातही दातावर पांढरे डाग उमटू शकतात. तारा काढल्यावर ब्रॅकेटच्या जागी स्वच्छ चौकोन आणि भोवती खडूसारखी चौकट, असं ते दिसतं आणि पूर्ण जात नाही. ब्रश आधी हिरडी आणि ब्रॅकेटच्या मधे तिरका, मग ब्रॅकेटवर सरळ, मग ब्रॅकेटच्या खालच्या कडेला वरच्या दिशेने तिरका. तारेखाली बारीक इंटरडेंटल ब्रश उभा घाला. पेस्टवर फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम लिहिलेलं हवं. रात्री घासायला पाच मिनिटं कमीच पडतात. हिरडी फुगून ब्रॅकेटवर आली तर तार बदलणंही अवघड होतं आणि उपचार थांबवून सफाई करावी लागते. टणक गोष्टी पुढच्या दातांनी तोडू नका, लहान तुकडे करून दाढेने चावा. चिकट गोष्टी बंद. पेन, नखं, बर्फही.

टोचलं, तुटलं

तारेचं टोक गालात टोचत असेल तर ती जागा टिश्यूने कोरडी करा, वाटाण्याएवढं ऑर्थोडॉन्टिक मेण बोटांत मळून त्यावर दाबा. ओल्या तारेवर मेण टिकत नाही. टोक पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने दाताकडे वळवून पाहा. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर ओढून काढू नका, मेणाने स्थिर ठेवा, त्याच्या हुकाला रबर लावत असाल तर ते थांबवा आणि फोन करा. पुढच्या भेटीची वाट पाहू नका. तुकडा गिळला गेला तर बहुधा तो पोटातून निघून जातो, तरी कळवा. पण खोकला थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल तर सरळ रुग्णालयात जा.

तारा निघाल्यावर

दाताभोवतीचे तंतू स्थिरावायला तीन-चार महिने लागतात आणि हिरडीतले लवचिक तंतू तर वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. फिरवून सरळ केलेला दात म्हणूनच सर्वात आधी परत वळतो. दातांना नव्या जागी धरून ठेवणाऱ्या उपकरणाला रिटेनर म्हणतात. काढता येणारा रिटेनर सहसा पहिले ३ ते ६ महिने जवळजवळ पूर्ण वेळ आणि मग रोज रात्री घालायचा असतो. रात्रीचं किती वर्षं? दात सरळ हवेत तितकी वर्षं. खालचे पुढचे दात वयाबरोबर ज्यांनी कधी उपचार घेतला नाही त्यांचेही दाटतात. क्लास थ्रीच्या मुलांमध्ये खालचा जबडा उशिरापर्यंत वाढतो, त्यांनी वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी सोडू नये.

दोन-तीन रात्री चुकल्यावर रिटेनर घट्ट वाटला तर दात हलले आहेत. काही दिवस पूर्ण वेळ घाला. तो बसतच नसेल तर जोर लावून दाबू नका, आठवड्याच्या आत दाखवा. तोपर्यंत दात थोडेच सरकलेले असतात.

आतून चिकटवलेली तार असेल तर महिन्यातून एकदा नखाने प्रत्येक दातावरचा चिकटद्रव्याचा ठिपका चाचपा. एकच ठिपका सुटला तर तार बाकी दातांना धरून राहते आणि तो एक दात गुपचूप सरकतो. जिभेला काही जाणवत नाही. तारेखालून फ्लॉसचा कडक टोकाचा धागा रोज घाला.

तारा काढण्याच्या दिवशी शेवटच्या स्कॅनची फाइल किंवा साचा मागून घ्या आणि त्यावर तारीख लिहा. रिटेनर तुटला, हरवला किंवा पाळीव कुत्र्याने चावला तर त्यावरून नवा लगेच बनतो. नुसतं तोंड पुढे केलं तर दात त्या दिवशी जिथे सरकलेले असतील, नवा रिटेनर त्याच जागेचा बनतो.